संगीतावरचा ब्लॉग सुरू करताना: पहिल्या श्रवणापासून पहिल्या वर्षापर्यंत

संगीतावर लिहावे असे वाटण्याची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या गाण्यापासून होते. ते दिवसभर मनात घोळत राहते, त्यातली एखादी जागा पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते आणि तिच्याविषयी कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. ब्लॉग सुरू करण्यासाठी एवढी ओढ पुरेशी आहे. मात्र नवखा लेखक पुष्कळदा पहिले दोन आठवडे ब्लॉगचे नाव, रंगसंगती आणि बोधचिन्ह ठरवण्यात घालवतो, घाईघाईने दोन लेख लिहितो आणि तिसऱ्या लेखापाशी अडतो. ब्लॉगची तांत्रिक उभारणी हे खरे तर एका दुपारचे काम आहे. लक्षपूर्वक ऐकण्याची आणि ऐकलेले शब्दांत पकडण्याची सवय लागायला मात्र काही महिने जातात. म्हणून पुढील मार्गदर्शनात ऐकणे आणि लिहिणे यांना अधिक जागा दिली आहे आणि तंत्राचा भाग आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

पहिली पायरी: चौकट आखून घेणे

"संगीत" हा ब्लॉगचा विषय होऊ शकत नाही, कारण तो फार मोठा आहे. वाचकाला आपण कोणत्या दारातून आत आलो हे कळले पाहिजे आणि लेखकाला पुढच्या आठवड्यात काय ऐकायचे हे ठाऊक असले पाहिजे. चौकट अनेक प्रकारे आखता येते. एखादे वाद्य घ्यावे आणि ते निरनिराळ्या परंपरांत कसे वाजते हे लिहावे. एखादा कालखंड घ्यावा, उदाहरणार्थ मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा. केवळ पार्श्वसंगीत, केवळ वाद्यवृंदाची मांडणी किंवा केवळ एकाच बंदिशीची वेगवेगळी गायने असाही विषय होऊ शकतो. नव्या आणि फारशा न ऐकल्या गेलेल्या कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांवर लिहिणे हाही एक उत्तम मार्ग आहे, कारण त्यांच्याविषयी मराठीत वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही आणि तुमचा लेख कदाचित पहिलाच ठरतो.

चौकट योग्य आहे की नाही याची एक सोपी कसोटी आहे. कागद घ्या आणि त्या चौकटीत बसणारे पंधरा लेखविषय लिहून काढा. प्रत्येक विषयापुढे कोणते ध्वनिमुद्रण ऐकायचे आणि त्यात कोणता प्रश्न विचारायचा हेही लिहा. सहासातपाशी लेखणी थांबली, तर चौकट फार अरुंद आहे किंवा तुमचे ऐकणे अजून तेवढे झालेले नाही. पंधराच्या पंधरा विषय एकमेकांशी काहीही नाते न सांगणारे निघाले, तर चौकट नावापुरतीच आहे. नाव ठेवण्याचे काम या यादीनंतर करावे, म्हणजे नाव विषयातून निघते. ते उच्चारायला सोपे आणि ऐकून टंकता येईल असे असावे.

दुसरी पायरी: लिहिण्यासाठी ऐकणे

आनंदासाठी ऐकणे आणि लिहिण्यासाठी ऐकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्याला बळ मिळते, पण पहिले दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ज्यावर लिहायचे ते ध्वनिमुद्रण किमान तीनदा, तीन वेगळ्या प्रकारे ऐकावे असे मी सुचवेन.

पहिल्या वेळी वही बंद ठेवावी आणि दुसरे कोणतेही काम हाती घेऊ नये. ध्वनिमुद्रण संपल्यावर जे आठवते ते चारपाच ओळींत लिहावे. या ओळी पुढे फार उपयोगी पडतात, कारण वाचकही बहुधा एकदाच ऐकणार असतो आणि पहिल्या ऐकण्यात काय मनात राहते याची ती प्रामाणिक नोंद असते.

दुसऱ्या वेळी हाताशी घड्याळ ठेवून काळाची नोंद करावी. डावीकडे मिनिट आणि सेकंद, उजवीकडे तेव्हा काय घडले. "0:00 फक्त तानपुरा. 0:41 पहिला स्वर, अगदी हलका. 2:10 तबला येतो, मध्यलय. 3:25 तार षड्‌जाला पहिल्यांदा स्पर्श." अशी नोंद कोरडी वाटते, परंतु लेखाचा सांगाडा त्यातूनच उभा राहतो. कलाकाराने तार षड्‌ज (वरच्या सप्तकातला सा) साडेतीन मिनिटे राखून ठेवला, ही गोष्ट वही नसती तर तुम्हाला "हळूहळू खुलत जाणारे गायन" एवढीच जाणवली असती.

तिसऱ्या वेळी एकच वाद्य किंवा एकच घटक धरून अखेरपर्यंत त्याच्या मागे जावे. गाणे गायकाचे असेल तर या वेळी गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त बास गिटार ऐकावी, किंवा फक्त तबल्याचा डग्गा. बहुतेक श्रोते हे कधीच करत नाहीत, आणि नेमके इथेच सांगण्याजोगे काहीतरी सापडते: कडव्यात शांत असलेला बास ध्रुपदात दुप्पट सूर वाजवतो, म्हणून ध्रुपद उसळल्यासारखे वाटते, हे कारण या तिसऱ्या ऐकण्यातच हाती लागते.

ऐकण्याच्या साधनांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्जाचा भाग नीट पोहोचतच नाही. बास गिटारच्या नेहमीच्या जुळणीत सर्वांत खालच्या तारेची वारंवारता साधारण 41 हर्ट्झ असते. फोनचा स्पीकर तेवढा खोल मूळ नाद उमटवू शकत नाही आणि मेंदू वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ नादासोबत उमटणाऱ्या अधिक उंच नादांवरून, त्याचा अंदाज बांधतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या समतोलाविषयी मत देण्यापूर्वी ते निदान साध्या पण बऱ्या हेडफोनवर ऐकलेले असावे. महागडी यंत्रसामग्री अजिबात गरजेची नाही. एकच हेडफोन जोडी दीर्घकाळ वापरणे जास्त महत्त्वाचे, कारण तिचा स्वभाव ओळखीचा झाला की ध्वनिमुद्रणांतला फरक स्पष्ट कळू लागतो.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना आणखी एक दक्षता घ्यावी. समान संगीत किंचित मोठ्या आवाजात ऐकवले तर ते बहुतेकांना अधिक चांगले वाटते. जुन्या गाण्याची नवी, सुधारित म्हणून आलेली आवृत्ती पुष्कळदा केवळ अधिक मोठ्या पातळीवर तयार केलेली असते. त्यामुळे दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून मगच मत बनवावे. स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांची पातळी एकसारखी करून ऐकवतात, तिथे मूळ सेटिंगमध्ये उणे 14 लफ्स (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) ही पातळी लक्ष्य म्हणून धरलेली असते. संगणकात साठवलेल्या फायलींची पातळी मात्र अशी आपोआप समान केली जाईलच असे नाही, हे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी: नादासाठी शब्द शोधणे

संगीतलेखनातली खरी अडचण इथे आहे, म्हणून या पायरीवर थोडे थांबू. नवख्या लेखकाच्या पहिल्या मसुद्यात सामान्यतः अशी वाक्ये येतात:

"या गाण्यातील गायिकेचा आवाज अतिशय मधुर असून संगीतसंयोजन अप्रतिम झाले आहे. गाणे ऐकताना मन एका वेगळ्याच विश्वात जाते."

यात खोटे काही नाही, पण ही दोन वाक्ये जगातल्या हजारो गाण्यांना तशीच्या तशी लावता येतील. ज्याने गाणे ऐकलेले नाही त्याला यातून काही ऐकू येत नाही आणि ज्याने ऐकले आहे त्याला नवे काही कळत नाही. आता त्याच काल्पनिक गाण्याविषयी, काळाची नोंद समोर ठेवून लिहिलेला दुसरा मसुदा पाहा:

"पहिली दोन कडवी गायिका जवळजवळ बोलल्यासारखी, मंद्र सप्तकाच्या आसपास गाते आणि तिच्यासोबत फक्त एक गिटार असते. तिसऱ्या कडव्याच्या आधी गिटारही थांबते. त्या दोन सेकंदांच्या शांततेत तिने घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि पुढची ओळ ती पूर्ण सप्तक वर उचलून गाते. व्हायोलिने यानंतर येतात. ती आधी आली असती तर ही उडी झाकली गेली असती."

दुसऱ्या मसुद्यात एकही स्तुतिपर विशेषण नाही, तरीही लेखकाला गाणे आवडले आहे हे वाचकाला समजते आणि ते ऐकावेसेही वाटते. "मधुर", "अप्रतिम", "हृदयस्पर्शी", "जादुई" हे शब्द पहिल्या मसुद्यात येऊ द्यावेत, त्यांना अडवू नये. दुसऱ्या वाचनात मात्र प्रत्येकाखाली रेघ ओढावी आणि स्वतःला विचारावे की नादात असे काय घडले म्हणून हा शब्द सुचला. उत्तर मिळाले की शब्दाच्या जागी उत्तर लिहावे.

पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत मराठी लेखक सुदैवी आहे. सम, खाली, ठेका, आवर्तन, मींड, गमक, मुरकी, आलाप, बोलबनाव, उठाव, ठहराव असे कितीतरी अचूक शब्द आपल्या भाषेत आधीपासून रुळलेले आहेत आणि त्यांपैकी काही इतर परंपरांच्या संगीतालाही लावता येतात. एखादा जॅझ वादक पुनःपुन्हा फिरून एका ठरावीक ठोक्यावर येतो तेव्हा "समेवर येतो" असे लिहिल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्र लगेच उभे राहते. परंतु ही तुलना आहे याची जाणीव राखावी. 16 मात्रांचा तीनताल आणि चार ठोक्यांच्या चार मात्रावलींची (बारची) पाश्चात्त्य चौकट यांत ठोक्यांची संख्या सारखी असली तरी ठेका, टाळी आणि खाली यांमुळे येणारी घडण निराळी असते. कॉर्ड, बीट, रिफ, हार्मनी यांसारखे शब्द देवनागरीत आहेत तसे वापरावेत. त्यांच्यासाठी नवे प्रतिशब्द घडवून वाचकाला अडखळवण्यात लाभ नाही. लेखात एखादी कठीण संज्ञा प्रथम येईल तिथे वाक्याच्या ओघातच तिचा अर्थ उलगडावा आणि एका लेखात अशा नव्या संज्ञा तीनचारांहून अधिक येऊ देऊ नयेत.

तुम्ही स्वतः संगीत शिकलेले नसाल तर संकोच बाळगण्याचे कारण नाही. राग ओळखता आला नाही तर रागाचे नाव न घेता स्वरवाक्य कसे वरून खाली येते, कुठे थांबते, लय कधी वाढते हे लिहिता येते. जे ऐकू येते त्याचे वर्णन करण्यासाठी पदवी लागत नाही. जे ऐकू आले नाही त्याचे नाव मात्र कधीही उसने घेऊ नये, कारण चुकीच्या रागाचे नाव घातलेला एक लेख जाणकार वाचकाचा पुढच्या दहा लेखांवरचा विश्वास उडवतो.

चौथी पायरी: माहिती मिळवणे आणि पडताळणे

ध्वनिमुद्रण कधी झाले, कोणी वाजवले, संगीतसंयोजन कोणाचे, हे तपशील लेखाला आधार देतात. त्यांचा सर्वांत विश्वसनीय स्रोत म्हणजे मूळ तबकडी, कॅसेट किंवा सीडीवरील छापील मजकूर. तो हाती नसेल तर म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्ज ही दोन संकेतस्थळे उपयुक्त आहेत. तिथे वापरकर्त्यांनी भरलेल्या नोंदी असतात आणि डिस्कॉग्जवर अनेकदा मूळ वेष्टनाची छायाचित्रेही मिळतात, त्यामुळे नोंद छापील मजकुराशी ताडून पाहता येते. ऐकण्याच्या सेवांवर दाखवलेले वर्ष आंधळेपणाने घेऊ नये. ते वर्ष कित्येकदा नव्या संकलनाचे असते, मूळ ध्वनिमुद्रणाचे नसते. ध्वनिमुद्रणांना आयएसआरसी नावाचा 12 वर्णांचा संकेतांक दिलेला असतो. एकाच गाण्याची स्टुडिओतली आणि मैफलीतली आवृत्ती यांचे संकेतांक वेगळे असतात, त्यामुळे आपण नेमकी कोणती आवृत्ती ऐकली हे त्यावरून सांगता येते.

माहिती ऐकण्याशी जोडलेली असली की तिचे मोल वाढते. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गायिका गौहर जान यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांत गायनाच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. आज ऐकताना ती लकब मजेशीर वाटते. पण या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तिथल्या तंत्रज्ञांना कोणते ध्वनिमुद्रण कोणाचे हे कळण्यासाठी अशी घोषणा उपयोगी पडे, हे कळले की तोच आवाज वेगळा ऐकू येतो. तसेच, 10 इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत, हे ठाऊक असेल तर अर्धा तास रंगणारा ख्याल तिथे इतक्या घाईने का पळतो याचा उलगडा होतो आणि त्या घाईला दोष देण्याऐवजी गायकाने काय निवडले आणि काय सोडले याकडे लक्ष जाते.

संगीताच्या जगात पसरलेल्या दंतकथांपासूनही सावध राहावे. मध्यम सप्तकातल्या "ए" या स्वराची 440 हर्ट्झ ही वारंवारता नाझी राजवटीने लोकांना अस्वस्थ करण्यासाठी लादली आणि 432 हर्ट्झ हीच निसर्गाची खरी पट्टी आहे, असा मजकूर आजही फिरत असतो. प्रत्यक्षात त्यापूर्वी निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या पट्ट्या होत्या. फ्रान्सने 1859 मध्ये 435 हर्ट्झ ठरवली होती. 440 ची शिफारस 1939 मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाली, आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती 1955 मध्ये शिफारस म्हणून आणि 1975 मध्ये मानक म्हणून स्वीकारली. एखादी गोष्ट फार सुरेख जुळून आलेली दिसली की ती दोन स्वतंत्र ठिकाणी तपासावी, आणि दोन्ही ठिकाणांचा मजकूर एकमेकांची नक्कल नाही हेही पाहावे.

पाचवी पायरी: लेखाची बांधणी, आणि पहिले पाच लेख

लेख सुरू करताना कलाकाराच्या जन्मगावापासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. नादातल्या एखाद्या ठळक क्षणापासून सुरुवात करावी, मग तो क्षण कशामुळे घडतो हे सांगावे आणि चरित्राचा, काळाचा किंवा तंत्राचा तपशील जिथे या स्पष्टीकरणाला हवा तिथेच आणावा. लेखाचा एकच मुख्य मुद्दा असावा आणि तो तुम्हाला एका वाक्यात सांगता यावा. एका ध्वनिमुद्रणावरील लेखाला 700 ते 1,000 शब्द पुरतात. संपूर्ण अल्बमवर लिहिताना सर्व गाण्यांना एकेक परिच्छेद वाटून न देता दोन किंवा तीन गाण्यांवर सखोल लिहावे आणि उरलेल्यांचा उल्लेख त्यांच्या संदर्भात करावा. न आवडलेल्या संगीतावर लिहिताना हीच शिस्त अधिक कसोशीने पाळावी: कोणता निर्णय फसला, तो कुठे ऐकू येतो आणि त्याऐवजी काय शक्य होते. कलाकाराच्या हेतूंवर किंवा व्यक्तिमत्त्वावर घसरू नये.

ब्लॉग जाहीर करण्यापूर्वी पाच लेख पूर्ण लिहून तयार ठेवावेत, हा माझा ठाम आग्रह आहे. त्यांपैकी तीन पहिल्याच दिवशी प्रसिद्ध करावेत, म्हणजे आलेल्या वाचकाला एक लेख वाचून परत जावे लागत नाही आणि ब्लॉगचा स्वभावही त्याला समजतो. उरलेले दोन राखीव ठेवावेत. आजारपण, परीक्षा किंवा कामाचा ताण आला की हे दोन लेख ब्लॉगला जिवंत ठेवतात. नवख्या लेखकाने पंधरवड्याला एक लेख हा वेग धरावा. दर आठवड्याला लिहिणे शक्य असले तरी प्रत्येक ध्वनिमुद्रण तीनदा ऐकण्याचा वेळ त्यात मिळत नाही.

मसुदा पूर्ण झाल्यावर किमान एक रात्र तो बाजूला ठेवावा, मग मोठ्याने वाचावा, आणि शेवटी लेख समोर ठेवून ध्वनिमुद्रण चौथ्यांदा ऐकावे. स्मरणातून लिहिलेले कितीतरी तपशील या वेळी चुकीचे निघतात: सारंगी म्हणून लिहिलेले वाद्य व्हायोलिन असते, किंवा ज्याला शेवटचे कडवे म्हटले त्यानंतर आणखी एक असते.

सहावी पायरी: जागा उभारणे

1999 पासून चालू असलेले ब्लॉगर आणि 2003 मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस हे दोन्ही पर्याय नवख्या लेखकास पुरेसे आहेत. ब्लॉगर विनामूल्य आहे आणि त्यात देखभाल जवळजवळ नाहीच. वर्डप्रेस दोन रूपांत मिळते: एक तयार सेवा, जिथे फक्त खाते उघडायचे असते, आणि दुसरे मुक्त सॉफ्टवेअर, जे तुम्ही भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर स्वतः बसवायचे असते. दुसऱ्यात स्वातंत्र्य जास्त, पण अद्ययावत ठेवण्याची आणि सुरक्षिततेची जबाबदारीही तुमची. सुरुवात तयार सेवेपासून करावी. स्वतःचे डोमेन घेणार असाल तर ते स्वतःच्या नावावर नोंदवावे, नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करून ठेवावी आणि त्याचा पासवर्ड ब्लॉगच्या पासवर्डहून वेगळा असावा. दर महिन्याला सर्व लेखांची प्रत उतरवून घ्यावी. दोन्ही ठिकाणी निर्यातीची सोय असते.

मराठी ब्लॉगसाठी काही गोष्टी मुद्दाम पाहाव्या लागतात. सेटिंगमध्ये ब्लॉगची भाषा मराठी निवडावी. त्यामुळे दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर योग्य भाषेचा आवाज निवडू शकतात, आणि काही फाँटमध्ये "ल" व "श" ही अक्षरे मराठी वळणाने दिसू लागतात. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या समान संकेतप्रणालीत टंकावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेला मजकूर शोधयंत्रांना वाचता येत नाही. नोटो सॅन्स देवनागरी आणि मुक्ता हे मुक्त परवान्याचे फाँट पडद्यावर सुवाच्य दिसतात. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींतले अंतर रोमन मजकुराला लागते त्यापेक्षा थोडे जास्त ठेवावे. लेखाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत आणि आटोपशीर द्यावा, कारण देवनागरी पत्ता नकलून दुसरीकडे चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक साखळी तयार होते आणि वाचक तो उघडण्यास कचरतो.

मांडणी साधी असावी: पांढरी पार्श्वभूमी, एकच स्तंभ, स्पष्ट तारीख आणि "या ब्लॉगविषयी" असे एक पान. पान उघडताच आपोआप संगीत वाजू लागेल असे काहीही ठेवू नये.

सातवी पायरी: हक्कांचे भान

संगीताच्या ब्लॉगवर हा प्रश्न पहिल्याच लेखापासून येतो. एका गाण्यात निदान तीन गोष्टींवर स्वतंत्र हक्क असू शकतात: शब्दांवर, चालीवर आणि ध्वनिमुद्रणावर. चाल शंभर वर्षे जुनी आणि हक्कमुक्त असली तरी गेल्या वर्षी झालेले तिचे ध्वनिमुद्रण हक्कमुक्त नसते. 1886 च्या बर्न करारानुसार लेखक व रचनाकार यांच्या बहुतेक कृतींना त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान 50 वर्षे संरक्षण मिळते. अनेक देशांनी ही मुदत 60 किंवा 70 वर्षे केली आहे. त्याच करारात अवतरणाची मुभाही आहे, मात्र कृती आधी रीतसर प्रसिद्ध झालेली असावी, अवतरण उद्देशाला आवश्यक तेवढेच असावे आणि स्रोत व कर्त्याचे नाव दिलेले असावे.

व्यवहारात याचा अर्थ असा. ज्या ओळीविषयी बोलत आहात ती ओळ उद्धृत करावी, संपूर्ण गीत छापू नये. गाण्याची फाइल स्वतःच्या ब्लॉगवर चढवू नये. यूट्यूब, स्पॉटिफाय, साउंडक्लाउड किंवा बँडकॅम्प यांवर कलाकाराने अथवा हक्कधारकाने अधिकृतपणे ठेवलेले ध्वनिमुद्रण तिथल्या सोयीनुसार लेखात जोडावे. "तीस सेकंदांपर्यंत वापरले तर चालते" असा सर्वत्र लागू होणारा कोणताही नियम नाही, तो केवळ समज आहे. अल्बमचे मुखपृष्ठ आणि मैफलीची छायाचित्रे यांवरही कोणाचा तरी हक्क असतो, म्हणून छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना वापरू दिलेली, चित्रे वापरावीत. त्या परवान्यांतही प्रकार आहेत: काहींत व्यापारी वापरास मनाई असते, काहींत बदल करण्यास. उद्या ब्लॉगवर जाहिराती घेण्याचा विचार असेल तर हे आजच पाहून ठेवावे.

जोडलेले ध्वनिमुद्रण कधीही काढून टाकले जाऊ शकते. म्हणून लेखात कलाकार, रचना, अल्बम, वर्ष आणि आवृत्ती ही माहिती शब्दांतही लिहावी, म्हणजे दुवा मेला तरी वाचक ते ध्वनिमुद्रण दुसरीकडे शोधू शकतो. याच कारणासाठी लेख असा लिहावा की ध्वनिमुद्रण न ऐकताही तो समजावा.

आठवी पायरी: वाचकांपर्यंत पोहोचणे आणि त्यांचा विश्वास राखणे

शीर्षकात कलाकाराचे आणि रचनेचे नाव असावे, कारण लोक त्याच शब्दांनी शोध घेतात. परदेशी नावांचे देवनागरी रूप एकदा ठरवावे आणि सर्व लेखांत तेच ठेवावे. आरएसएस फीड (नवे लेख वाचकाच्या वाचन-ॲपमध्ये आपोआप दाखवणारी सोय) चालू ठेवावे आणि शक्य असेल तर नवा लेख ईमेलने पाठवण्याची सोय करावी. समाजमाध्यमांवर किती लोकांना तुमचा लेख दिसेल हे तुमच्या हाती नसते, ईमेल मात्र वाचकाच्या पेटीत पोहोचते. ज्या कलाकारावर लिहिले त्यास लेख नम्रपणे कळवावा, पण तो पसरवण्याची विनंती करू नये. प्रसिद्धीपूर्वी लेख कलाकाराला दाखवण्याची प्रथा तर मुळीच पाडू नये. मुलाखत असेल तर उद्धृत विधाने ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावीत. ध्वनिमुद्रण करण्याआधी त्या व्यक्तीची संमती घ्यावी.

कोणी अल्बम भेट म्हणून पाठवला, मैफलीचे प्रवेशपत्र विनामूल्य दिले, किंवा ज्याच्यावर लिहीत आहात तो तुमचा मित्र अथवा गुरुबंधू असला, तर ते लेखाच्या सुरुवातीलाच एका वाक्यात सांगावे. संगीताचे वर्तुळ लहान असते आणि अशा गोष्टी लपून राहत नाहीत. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर स्पष्टपणे जाहिरात म्हणूनच छापावा. नवख्या लेखकाने पहिल्या वर्षात असा मजकूर घेऊच नये असे मला वाटते, कारण त्या काळात त्याचे स्वतःचे मत आकार घेत असते.

वाचकाने चूक दाखवली तर ती तपासून लगेच दुरुस्त करावी आणि लेखाच्या तळाशी दुरुस्तीची तारीख व स्वरूप नोंदवावे. गुपचूप बदल करू नयेत.

पहिल्या वर्षानंतर

पंधरवड्याला एक या वेगाने वर्षअखेर सुमारे पंचवीस लेख जमा होतात. या टप्प्यावर एक आठवडा नवे काहीही लिहू नये. सर्व जुने लेख उघडून बंद पडलेले दुवे बदलावेत आणि महत्त्वाची पाने संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावीत. एकाच सुरुवातीचे किती लेख आहेत, कोणती विशेषणे वारंवार आली आहेत, हे मोजून पाहावे. मग पहिल्या पाचांपैकी एक लेख निवडावा, त्यातील ध्वनिमुद्रण नव्या वहीच्या पानावर पुन्हा पहिल्यासारखे ऐकावे आणि जुनी नोंद शेजारी ठेवावी. तेव्हा निसटलेले आणि आता ऐकू आलेले असे जे काही असेल, तो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या लेखाचा विषय घ्यावा आणि जुन्या लेखाचा दुवा त्यात द्यावा.